बॅटरीची नोंद राहिली

बॉनेट उघडलं आणि मी दोन पावलं मागेच सरकले.

"ही बॅटरी कुठल्या शहाण्यानं बसवली?"

"याच शहाण्यानं," शेजारी उभा असलेला गाडीचा मालक चष्मा सावरत म्हणाला. "चार महिन्यांपूर्वी. व्हिडिओ बघून."

पलीकडच्या गल्लीत त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. पाटी मी रोज वाचायचे, माणूस मात्र आज पहिल्यांदाच दिसला. आमच्या गॅरेजसमोरच्या सिग्नलला त्याची गाडी आपोआप बंद झाली, ती परत सुरूच होईना. तिघांनी ढकलत आत आणली होती.

"अहो, ही स्टार्ट-स्टॉपची गाडी! दर सिग्नलला इंजिन बंद, परत चालू. साध्या बॅटरीला हे झेपणार कसं? हिला वेगळी लागते."

"दुकानदार म्हणाला, बसते."

"बसायला काय! तुम्ही माझ्या डोळ्यांवर कुणाचाही चष्मा चढवाल?"

"छे!" तो खरंच दचकला. "तुमच्या डोळ्यांवर तर…" त्याचे कान लाल झाले. माझेही गरम झाले होते.

मी कामाला लागले. गाडीतली सेटिंग पुसली जाऊ नये म्हणून बाहेरून वीज जोडली, जुनी बॅटरी काढली, नवी उचलली. तिला हात लावायला तो पुढे झाला, त्याची बोटं माझ्या बोटांवर पडली आणि आम्ही दोघांनी ती जरा जास्तच सावकाश जागेवर बसवली.

शेवटचं काम तेवढं राहिलं होतं. कॉम्प्युटर जोडून गाडीला सांगायचं, की बाई गं, नवी बॅटरी आली. नाहीतर ती जुनीच आहे असं धरून चालते आणि सिग्नलला इंजिन बंद करायचं टाळते.

"एवढं जड रोज उचलता?" त्याने विचारलं. "मी तर काड्या आणि काचा उचलतो. लाज वाटते हो!"

मी हसले. मग तो हसला. मग बराच वेळ बोलणं झालं आणि तो गेला, तेव्हा मी दारात उभी राहून चक्क हात हलवत होते.

आठ दिवसांनी तो परत आला. "गाडी आता सिग्नलला बंदच होत नाही…"

नेमकं त्याच दिवशी बाबांनी मला बोलावलं होतं. गॅरेज दादाकडे द्यायचं की माझ्याकडे, हे ते त्या दिवशी सांगणार होते. शाळेपासून मी गाड्यांखाली लोळतेय, मला ते गॅरेज हवंच होतं. बाबांच्या हातात किल्ल्या दिसत होत्या.

मी कॉम्प्युटर जोडला आणि पायाखालची जमीन सरकली. नोंद जुन्याच बॅटरीची होती! मी विसरले होते. मी!

"काय झालं गं?" बाबा जवळ आले.

"काही नाही, काका," तो झटकन म्हणाला. "चूक माझी. स्टार्ट-स्टॉप बंद करायचं बटण मीच दाबून ठेवलं होतं."

मी आ वासून बघतच राहिले. किती सफाईने थाप मारली यानं! आणि बाबा किल्ल्या पुढे करत होते…

"बाबा, खोटंय ते. नोंद करायला मी विसरले."

"तू? कशी काय?"

"यांच्याशी… बोलत बसले होते."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि किल्ल्या खिशात टाकल्या. "सहा महिन्यांनी बघू," एवढंच बोलून ते टेबलाकडे गेले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी सांभाळून घेत होतो ना!" तो कळवळून कुजबुजला. "कशाला सांगितलंत?"

"मला सांभाळून घेणारा नकोय. खरं बोलणारा हवाय."

"मग खरं सांगू?" त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गाडीचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. आठ दिवस गल्लीच्या तोंडाशी येऊन परत जायचो. गाडीसाठी नाही… तुम्ही आवडता मला. खूप."

आजवर कुणी असं तोंडावर म्हटलं नव्हतं.

"आधी नोंद कर!" टेबलाकडून बाबांचा आवाज आला, आणि आम्ही दोघंही उडालो. "मग त्याला उत्तर दे. नाहीतर परत विसरशील!"

मी नोंद केली. दोनदा तपासून. मग त्याच्याकडे वळले आणि बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मलाही."