या महिन्याचा भोपळा

चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून चष्मेवाला शनिवारी दुपारी ‘टोला’च्या अंकांना पिना मारत बसायचा. ‘टोला’ म्हणजे पिनबॉल खेळणाऱ्या हौशी मंडळींचं आठ पानी मासिक. लिहायचा तो, टाइप करायची त्याची धाकटी बहीण. लॉन्ड्रीच्या मागच्या हॉलमध्ये यंत्रं ओळीनं उभी होती. तिरक्या काचेखाली पोलादी गोळी धावायची, बाजूची बटणं दाबून दांड्यांनी ती वर टोलवत राहायची, भोकात गेली की डाव खलास. कुठल्या यंत्राची स्प्रिंग बदलली, स्पर्धा कधी, सुटे भाग कुणाकडे मिळतील, हे ‘टोला’तूनच कळे. बंद पडायला आलेला हॉल या मासिकानंच सावरला, असं सगळे मानत.

तरी अंक हातात पडला की लोक आधी शेवटचं पान उघडत. तिथं ‘या महिन्याचा भोपळा’ हे सदर असे, आणि भोपळा बहुतेक वेळा शिंपीच असे.

शिंपी हौसेनं खेळे आणि वाईट खेळे. त्याचे हात कापायचे. गोळी भोकात गेल्यावर त्याची बोटं बटण दाबत. ‘मास्तरांनी शिवलेल्या शर्टाची बटणंही अशीच वेळ निघून गेल्यावर लागतात,’ असं चष्मेवाल्यानं लिहिलं, तेव्हा अख्खा हॉल हसून हसून बेजार झाला. शिंप्याची गिऱ्हाइकंही हसली, आणि मग हळूहळू कपडे दुसरीकडे टाकू लागली.

एकदा शिंपी दुकानात आला. बराच वेळ फ्रेमा बघत राहिला.

“आता माझं नका छापू हो,” तो म्हणाला. “हाताचं दुखणं आहे ते.”

“मास्तर, गंमत असते ती. इतकं काय मनाला लावून घेता?”

पुढच्या अंकात त्या दुखण्यावरच कोटी होती.

उन्हाळा सरता सरता शिंपी झोपेतच गेला. चष्मेवाला पोचवायला गेला होता. चेहरा त्यानं जवळून पाहिला होता.

अंक काढायची वेळ आली आणि शेवटचं पान कोरं. दुसऱ्या कुणावर लिहावं तर तो रुसून बसणार. मेलेल्या माणसाच्या रुसण्याची भीती नाही. चष्मेवाल्यानं शिंप्याचा एक नवा डाव मनानंच रचला.

बहीण टाइप करता करता थांबली. “दादा, बरं दिसतं का हे?”

“कोण विचारायला येणार आहे?”

खरंच कुणी विचारलं नाही. उलट बेकरीवाला भेटला तो हसतच. “हुबेहूब लिहिलंस बघ. मी शेजारीच उभा होतो.”

चष्मेवाल्याला वाटलं, चेष्टा करतोय. पण संध्याकाळी तो हॉलमध्ये गेला, तर कोपऱ्यातल्या यंत्राभोवती घोळका जमला होता. यंत्रासमोरची जागा मोकळी होती. गोळी धावत होती. ती घरंगळत भोकात गेली, आणि मग दांडे फडफडले.

काचेवर श्वासाची वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.

“मास्तरांकडे बघ,” बेकरीवाला डोळे पुसत म्हणाला.

सगळे हसत होते, म्हणून चष्मेवालाही हसला.

दोन-चार दिवसांनी शिंप्याची बायको दुकानात आली.

“घरी येतात ते,” ती म्हणाली. “बोटं सुजलेली असतात. तुम्ही लिहाल तसं खेळावं लागतं म्हणतात. एकदा त्यांना जिंकू द्या. म्हणजे सुटतील.”

तिच्या डोळ्यांकडे बघणं त्याला जमेना. “लिहितो, वहिनी.”

आणि त्यानं लिहिलंही. शिंपी जिंकला, हॉलनं टाळ्या वाजवल्या. मग त्यानं ते वाचून पाहिलं. एकही जागा हसण्याजोगी नव्हती. लोकांनी पान उलटून अंक बाजूला ठेवला असता. त्यानं कागद चुरगाळला आणि नवं लिहिलं : मास्तरांना आता गोळीच दिसेनाशी झाली आहे.

असा अंक आजवर झाला नाही, असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याची बायको पुन्हा आली. ती रागावलेली नव्हती. आत आल्यावरही दार तिनं गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं धरलं.

“डोळे तपासायचेत,” ती म्हणाली. “काल सकाळपासून काहीच दिसत नाही म्हणतात.”

तपासणीच्या खुर्चीची गादी हळूच खाली दबली.

चष्मेवाल्यानं दिवा लावला. दुसरं काय करावं, ते त्याला सुचेना. एक भिंग धरलं, ते काढून दुसरं धरलं.

“हे बरं, की हे?”

काचेवर वाफ धरली.

शिंप्याच्या बायकोनं खुर्चीकडे वाकून ऐकून घेतलं.

“गोळी नाही दिसत म्हणतात,” ती म्हणाली. “पण तुम्ही आता स्पष्ट दिसताय.”