मधला फणा

घोडतळगडावर उजाडलं तेव्हा पूर्वेच्या बुरुजावरचे पहारेकरी भाल्यांवर रेलून उभ्याउभ्या पेंगत होते, खालच्या माळावर हैबतराव सुभेदारांच्या राहुट्या काल होत्या तिथंच होत्या, आणि अंबारखान्यात झाडूनपुसून निघालेली दोन पायल्या नाचणी तेवढी शिल्लक होती. वेढ्याला पाचवा महिना लागला होता. शौर्य पहिल्या दोन महिन्यांतच सरतं. पुढं नुसतं टिकून राहायचं असतं, आणि त्याचाच गडाला वीट आला होता.

सुभेदारांना प्राचीन धातुमूर्तींचा भारी षौक. त्यांच्या दालनात पन्नासेक मूर्ती मांडलेल्या होत्या आणि एकीवरही साधा ओरखडा खपत नसे. आदल्या सांजेला त्यांचा वकील निरोप घेऊन आला होता: गडावरच्या जिनमंदिरातली सात फण्यांच्या पार्श्वनाथांची पंचधातूची मूर्ती स्वाधीन करावी, वेढा उठेल, सुभेदारांनी भर छावणीत बेलभंडार उचलून तसा शब्द दिला आहे.

किल्लेदार सिदोजीराव स्वतः मंदिरात गेले. चाळीस वर्षं तिथं पूजा करणारे आप्पाण्णा उपाध्ये नुकताच अभिषेक आटोपून मूर्ती पुसत होते.

"उपाध्ये, तीनशे जीव उपाशी आहेत. आज्ञा करीत नाही; तेवढं त्राण उरलेलं नाही. विनंती करतो."

"पोरंबाळं उपाशी असताना न्हाई कसं म्हणू, सरकार? पर तिथं देवाला न्हाऊ कोण घालणार? शोभेला मांडून ठेवतील." म्हाताऱ्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "देव न्हाई द्यायचा मी. धातू देतो."

त्यांनी कोनाड्यातली छिन्नी काढली, मूर्तीला साष्टांग नमस्कार घातला आणि मधल्या फण्यावर हातोडीचे तीन घाव घातले. खंडित मूर्ती पूजेची राहत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक. आप्पाण्णा ढसाढसा रडले.

"हे काय केलंत!" सिदोजीराव ओरडले. "सुभेदार आता ती घेतील का?"

"मी सोता घिऊन जातो. मान मागितली तर माझी मागू द्या."

छावणीत हैबतरावांनी वस्त्र दूर केलं, मूर्तीच्या खांद्यांवरून कौतुकानं हात फिरवला, आणि तो हात फण्याशी येऊन थबकला.

"हे कोणी केलं?"

"म्या."

"तुमचं मस्तक इथंच उडवू शकतो, जाणता?"

"जाणूनच आलोय. तुमी मूर्ती मागितली, मूर्ती आणली. देव मागितला न्हवता."

पाच महिने घर न पाहिलेली फौज सुभेदारांच्या तोंडाकडं बघत होती. बेलभंडाराची शपथ साऱ्यांनीच ऐकलेली होती. मला विचाराल तर सुभेदारही थकलेच होते.

"वेढा उठवा," ते म्हणाले. "आणि हे भंगार म्हाताऱ्याला परत द्या. सदोष वस्तू आम्ही ठेवीत नाही."

एवढं मात्र आप्पाण्णांच्या ध्यानीमनी नव्हतं. देव परत मिळत होता आणि तो देव राहिला नव्हता. ती मूर्ती खांद्यावर घेऊन ते गड चढले, दर वळणावर बसत, कुणालाही हात लावू न देता.

रीतीप्रमाणे ती मंदिराच्या विहिरीत विसर्जित झाली. पुढं गडावर धान्य आलं, नवी संगमरवरी मूर्ती आली, आणि पंचांनी हात जोडून सांगितलं, "आप्पाण्णा, तुमच्यामुळं दोन घास खातोय. पर ज्या हातानं फणा तोडला, त्या हातानं नव्या देवाला अभिषेक नको."

"बराबर हाय तुमचं," आप्पाण्णा म्हणाले, आणि पाणी शेंदायचं काम तेवढं मागून घेतलं.

रोज पहाटे ते विहिरीचं पाणी काढत, फडक्यातून गाळत, आणि नव्या उपाध्यांचा कलश भरून देत. एकदा सिदोजीरावांनी पाहिलं: कलश देण्याआधी म्हाताऱ्यानं विहिरीचं पाणी दोन बोटांनी कपाळाला लावलं, अभिषेकाचं लावतात तसं.

"उपाध्ये, विहिरीत आहे तो देव नाही, धातू आहे; तुम्हीच म्हणाला होतात."

"व्हय सरकार, देव न्हाई त्यो." आप्पाण्णांनी पोहरा पुन्हा विहिरीत सोडला. "पर आंघुळ चुकली न्हाई त्याची."