दोघांची गाडी

गॅरेजमध्ये तिच्या गाडीत, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, एक अनोळखी माणूस चक्क पेंगत होता.

"उतरा," तिनं काचेवर टकटक केली. "ही वीज कंपनीची गाडी आहे."

"होती," त्यानं एकच डोळा उघडला. "आजपासून विजेची आणि गॅसची. मी गॅस."

वीज कंपनी आणि गॅस कंपनी एक झाल्याची नोटीस तिनंही वाचली होती. पण त्यामुळे सकाळी सकाळी कुणी आपल्या गाडीत येऊन झोपेल, असं त्यात कुठं लिहिलं नव्हतं. शेजारची सीट आजवर तिच्या रेनकोटची होती. कामावरचे जुने जोडीदार काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि ती एकटीच तक्रारींवर जाऊ लागली. घरीही तीच कथा. बाबा गेले. वहिनीच्या बाळंतपणाला म्हणून आई भावाकडे गेली, ती तिकडचीच झाली. साऱ्या शहराचे दिवे लावून ही बाई संध्याकाळी अंधाऱ्या घराचं कुलूप उघडायची. सवय झालीय, असं सगळ्यांना सांगायची. थाप मारायची.

साहेबांनी दोघांना समोर बसवून नवा कारभार समजावला. "एकमेकांचं काम शिकून घ्या. दोघांना दोन्ही आलं की तुमची परीक्षा. मग गाड्या दोन, भाग दोन. यापुढे एका गाडीला एक माणूस पुरे."

आठवडाभरात शिकवते आणि सुटते, असं तिनं मनाशी ठरवलं. पण हा गॅसवाला भलताच बोलका निघाला.

"वासावरून गळती शोधता, एवढं तिखट नाक आहे तुमचं, तर सांगा, मी सकाळी काय खाल्लं?" एकदा तिनं विचारलं.

"काही नाही. नुसता चहा, तोही उभ्याउभ्या."

"हे नाकाला कळलं?"

"डोळ्यांना. बाहीवर सांडलाय."

ती हसली, आणि आपण गाडीत मोठ्यानं हसलो याचं तिलाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं दोन कप चहा थर्मासात भरून आणला. रेनकोट मागच्या सीटवर गेला.

तेव्हापासून शिकवणं रेंगाळू लागलं. खांबावरच्या पेटीपाशी आलं की ती म्हणायची, "हे जरा किचकट आहे... उद्या बघू." गळतीचं प्रकरण आलं की तोही म्हणायचा, "सावकाश हो, गॅस कुठं पळून जातोय." खरं तर गळतीतला गॅस पळूनच जात असतो, पण तिनं ते बोलून दाखवलं नाही. दोघांना दोन्ही येईल त्या दिवशी ही सीट रिकामी होणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

एका भुरभुर पावसाच्या दुपारी एका आजोबांची तक्रार आली. घरातले दिवे लुकलुकत होते. तो गाडी लावत होता, तेवढ्यात ती पुढं झाली. आत पाऊल टाकताच कुजकट वास आला. काहीतरी बिनसलंय एवढंच तिला कळलं, आणि तिचा हात सरळ मेन स्विचकडे गेला.

"हात लावू नकोस!"

त्यानं तिचं मनगट धरून तिला मागं ओढलं. आजोबांना बाहेर आणलं, गॅसच्या मीटरजवळची झडप बंद केली, खिडक्या सताड उघडल्या. मग तिघंही पावसात अंगणात उभे राहिले. आजोबा शेजाऱ्यांकडे गेले तरी तिचं मनगट त्याच्या हातातच होतं.

"स्विच बंद करतानाही ठिणगी पडते," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग?"

"हात आपोआप गेला. कुठंही गडबड दिसली की आधी मेन बंद... लहानपणापासून बाबांनी हेच शिकवलं. गॅस असला तर काय, हे कुणी..."

"मी शिकवायला हवं होतं." तो स्वतःवरच चिडला होता. "मुद्दाम शिकवलं नाही."

तिनं मान वर केली. "पेटीचं काम मीही मुद्दामच मागं ठेवलंय. उद्या तुम्हाला शॉक बसला असता तर..."

का ठेवलं, हे त्यानं विचारलं नाही. मनगट मात्र आणखी थोडा वेळ सोडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी एकमेकांना असं शिकवलं की विचारता सोय नाही. तो वास ओळखायला लावायचा, चुकली की रागवायचा. ती त्याला रबरी हातमोजे घालूनच खांबाशी उभं करायची, आणि त्याचा हात एक इंच जरी चुकला तरी तिचा जीव वर-खाली व्हायचा. परीक्षेत दोघं झकास पास झाले. साहेबांनी पाठ थोपटली आणि नदीच्या अलीकडचा भाग त्याला दिला, पलीकडचा तिला.

"काळजी घ्या," गॅरेजमध्ये तो म्हणाला. असं तर तो प्रत्येक ग्राहकालाही म्हणायचा.

मग सीटवर पुन्हा रेनकोट आला. थर्मासातला दुसरा कप ती संध्याकाळी मोरीत ओतायची. वास आला की हात आता जागच्या जागी थांबायचा. कामात कुठं चूक नव्हती, आणि कुठं मन लागत नव्हतं. त्याचा फोन येईल म्हणून तिनं वाट पाहिली. आला नाही.

तिचं घर नदीच्या अलीकडे होतं. एका संध्याकाळी तिनं स्वतःच्याच घराचा फ्यूज काढला आणि तक्रार केंद्राला फोन लावला. "घरात अंधार आहे," ती म्हणाली.

तो आला. दारात उभं राहून आधी हवा हुंगली, मग तिनं शिकवल्याप्रमाणे थेट मीटर गाठला. टॉर्चच्या उजेडात फ्यूजची जागा मोकळी दिसली.

"फ्यूज कुठाय?"

तिनं मूठ उघडली.

"विजेच्या माणसानं विजेची खोटी तक्रार करायची?"

"खोटी कशी? अंधार आहे ना." तिनं मूठ पुन्हा मिटली. "मला एकटीला नाही करमत रे आता. आधी निभत होतं. तू आलास आणि सगळं बिघडवून ठेवलंस."

त्यानं टॉर्च खाली केला.

"मी रोज या गल्लीतून गाडी नेतो," तो म्हणाला. "कुठंही जायचं असलं तरी."

"मग थांबला का नाहीस?"

"तक्रार नव्हती ना आली..."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं ऐकून घेतलं आणि फोनवर तळहात ठेवला.

"केंद्रातून विचारतायत, इथं अजून किती वेळ लागेल."

तिनं फ्यूज ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला.

"घाई नाही म्हणावं."