म्हातारीखालची कवळी

माझ्या थापांना गावात नाव आहे, ते मला मान्य. पण ही थाप असती तर मी ती याहून स्वच्छ रचली असती. जेवण झालं असेल, तर थोडं जिरू द्या... मग वाचा.

साल एकोणीसशे सत्तावन्न. मे महिन्यातली सकाळ. अमेरिकेतल्या ओहायोत, एरी सरोवराच्या काठावरचं, आम्ही कामाला होतो ते करमणुकीचं पार्क.

पार्कात लाकडी रोलर कोस्टर होता. माझ्या आजोबांनी तरुणपणी त्याच्या पहिल्या चढाचे खांब उभे केले होते. गाडी वर ओढताना साखळी कण्हायची, म्हणून त्याला सगळे म्हातारी म्हणायचे. मी आणि लेस्टरमामा तिचे रूळ तपासायचो आणि त्यांना ग्रीस चोपडायचो.

आमच्यात एक रीत होती. हंगाम उघडण्याआधी म्हातारीखालचं गवत दाताळ्याने विंचरायचं. मागच्या वर्षी लोकांच्या अंगावरून उडालेलं सगळं तिथे सापडायचं. टोप्या, चष्मे, केसांचे टोप, एकेकटे बूट. मालक विचारायचा नाही. ज्याच्या दाताळ्याला लागेल, त्याचं.

त्या वर्षी मामाच्या दाताळ्याला लागली... कवळी.

वरची आणि खालची, दोन्ही. चिखलात, एकमेकींना घट्ट चावून.

मामाच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता आणि जूनमध्ये त्याचं लग्न होतं. होणारी बायको आर्डिथ नावाची विधवा. तिच्या हातची तळलेली कोंबडी खायला लोक लांबून यायचे. पाहुण्यांसमोर नवरदेव ती कोंबडी नुसत्या हिरड्यांनी चोखणार, या विचाराने मामा झुरत होता.

त्याने कवळी पँटला पुसली आणि सरळ तोंडात घातली.

मी म्हटलं, निदान उकळून तरी घे.

"अरे वेंडेल, मापाची आहे," मामा म्हणाला. "माझ्याच हिरड्यांवर घडवल्यासारखी."

आणि हसला. दातांच्या फटीत काळं काहीतरी अडकलेलं होतं. मऊ. जुनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाचणीची रिकामी गाडी सोडली. ती कण्हत वर चढली. क्षणभर थांबली. मग पहिल्या उतारावरून सुटली...

मामाचे गाल फुगले.

तो वाकला आणि त्याच्या तोंडातून गवतावर लगदा पडला. चावलेलं सॉसेज, कांदा, मोहरीचा पिवळा सॉस. त्यातून वाफ निघत होती. त्यात एक लांब पांढरा केस होता.

मामाला टक्कल होतं. आणि सकाळपासून त्याने काळ्या कॉफीशिवाय काही घेतलं नव्हतं.

"कुणाचं उष्टं खाल्लंस?" मी विचारलं.

"मी खाल्लं नाही," तो पुटपुटला. "तोंडात आलं."

मग ते रोजचंच झालं. गाडी उताराला लागली, की मामाच्या तोंडात तो कोमट लगदा.

त्यात आवाजाची भर पडली. मामा ओठ मिटून बसलेला असायचा, जबडा हलत नसायचा, आणि आतून... मच्... मच्...

कवळी निघेना. मी पकडीने ओढून पाहिली. हिरडी तिच्यावर चढली होती, भिजलेल्या साबणासारखी बुळबुळीत. दातांच्या डॉक्टरने मामाचं तोंड उघडलं आणि आधी खिडकी उघडली. मग म्हणाला, दुसरीकडे दाखवा.

आर्डिथने एकदाच वास घेतला. "लेस्टर," ती म्हणाली, "एक तर हे दात जातील, नाहीतर मी."

मामा लहान मुलासारखा रडला. रडतानासुद्धा आतून मच्-मच् चालूच.

शेवटी आम्ही ऑरिनकडे गेलो. तो म्हातारीचा सगळ्यात जुना ब्रेकवाला, आता घरी बसलेला. त्याने मामाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मग सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एक जाडा म्हातारा कवळीने सॉसेज चावत रांगेत उभा होता. शेवटचा घास तोंडात घेऊनच तो मागच्या सीटवर बसला. गाडी परत आली, तेव्हा मांड्यांवरचा दांडा तसाच बंद होता...

सीट रिकामी होती.

खाली ना प्रेत, ना रक्त. मालक म्हणाला, उतरून गेला असेल. आणि पुढच्या लोकांना बसवलं.

"त्याचा फेरा राहिलाय," ऑरिन म्हणाला. "तेवढा पुरा करा."

दुसऱ्या सकाळी ब्रेकचा दांडा ऑरिनने धरला. मामा मागच्या सीटवर, मी सगळ्यात पुढे. चढावर माझ्या पाठीमागे मच्-मच् वाढत गेलं. दोन तोंडांचं वाटावं इतकं. मी वळून पाहिलं नाही.

उतार आला...

आवाज बंद.

गाडी फलाटाला लागली. मामाने आ केला. कवळी नाहीशी, हिरड्या बाळासारख्या गुलाबी, मोकळ्या. तो हसत होता, रडत होता.

त्याच्या शेजारची गादी मात्र खोल दबलेली होती. ओली. ऑरिनने मांड्यांवरचा दांडा उचलला आणि आमच्यासमोर ती गादी... हळूहळू वर आली. कुणीतरी उठल्यासारखी.

"उतरला," ऑरिन म्हणाला.

कुठे गेला, ते कुणी विचारलं नाही.

लग्न थाटात झालं. मामाने हिरड्यांनीच कोंबडी चोखली, लोक हसले, तोही हसला.

ऑगस्टमध्ये एका भर दुपारी आर्डिथ माझ्या दारात आली. तिने बाही वर केली. दंडावर दातांच्या दोन ओळी, वरची आणि खालची. कडेला पिवळं काहीतरी वाळलेलं.

मी म्हटलं, कुत्रं चावलं असेल.

"कुत्रं मोहरी लावून चावतं का, वेंडेल?" ती म्हणाली. बाही खाली केली आणि घरी गेली. मामाकडेच. लग्न झालं होतं ना.

पुढे मी त्यांच्याकडे कितीदा तरी जेवलो. मामा मऊ बटाटे चमच्याने गिळायचा. चावायचं काही नसायचं. तरी मच्... मच्... ऐकू यायचं.

मामाच्या तोंडातून नाही. टेबलाखालून.

मी पाय खुर्चीवर घेऊन जेवायचो.

अजूनही तसाच जेवतो.