निकाल: गवत ठीक

भर दुपारी सव्वादोन वाजता, रणरणत्या उन्हात, एक माणूस रिकाम्या मैदानावर एकटाच फुटबॉल खेळत होता. चेंडूशिवाय.

उजव्या बाजूने तो सुसाट पळाला, वळला, घसरला, उठून पँट झटकली, कोपऱ्यातल्या झेंड्याला वळसा घालून परत आला, घड्याळात पाहिलं आणि पुन्हा सुटला. समोर कोणी नसताना त्याने दोनदा हुलकावणी दिली. एकदा तर चुकली बहुतेक, कारण तो पडला.

चष्मेवाली कुंपणाला टेकून हे बघत राहिली. खरं तर ती भांडायला आली होती. सकाळपासून आपल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर काढताना तिने मनात भाषण घोकलं होतं, आणि त्या नादात एका आजोबांना "शेवटची ओळ वाचा, नाहीतर राजीनामा द्या" असंही म्हणून गेली होती. आजोबांनी घाबरून ओळ बरोबर वाचली.

तिच्या पर्समध्ये क्लबच्या चिटणीसांचं पत्र होतं. महिला संघ या हंगामापासून मागच्या मैदानावर खेळेल. मागच्या मैदानात गोलच्या पुढ्यातच पाण्याच्या व्हॉल्व्हची सिमेंटची पेटी होती, आणि चष्मेवाली त्या संघाची गोलकीपर होती. मागच्या वर्षी तिथे सराव करताना त्या पेटीने तिच्यावर दोन गोल केले होते. क्लबचा नियम साधा होता: ज्याची नोंद जुनी, त्याला मुख्य मैदान आधी. महिला संघाची नोंद तीन वर्षांची. त्यामुळे त्यांच्या आधी पुरुष, मग पुरुष दुसरा संघ, मग मुलगे, मग निवृत्त सभासद, ज्यांच्यातला सगळ्यात चपळ खेळाडू अर्ध्या वेळात एकदा जागचा हलायचा. शनिवारच्या सभेत यावर शिक्का बसणार होता.

"ओ!" ती ओरडली. "चिटणीस कुठे बसतात?"

"अकरा मिनिटं थांबा," तो पळता पळता म्हणाला. "नव्वद व्हायचीत."

अकरा मिनिटांनी तो कुंपणाशी आला. उन्हाने लाल झालेला, गुडघ्याला हिरवे डाग, कानामागे पेन्सिल.

"चिटणीस आज नसतात. गुरुवारी ऑफिस बंद."

"आणि तुम्ही कोण?"

"मैदानवाला. गवत, रेघा, जाळ्या, सगळं माझ्याकडे."

"आणि हे काय चाललं होतं?"

"गवताची चाचणी."

"पळून?"

"पळून, घसरून, पडून. वहीत पद्धत आहे तशी. खरं तर बावीस जण लागतात. पण मी एकटाच आहे." तो जरा अडखळला. "म्हणजे... सगळ्याच बाबतीत."

"मी विचारलं नव्हतं."

"नाही. पण माहिती असावी म्हणून."

तिला रागातच हसू आलं, आणि हसू आलं म्हणून अजून राग आला. "दाखवा बघू ती वही," ती म्हणाली. भांडायला कोणीतरी हवंच होतं. चिटणीस नाही तर वही.

सामानाच्या खोलीत चुन्याचा वास होता. फाटक्या जाळ्या, रेघा मारायची दोन चाकांची गाडी, आणि फळीवर जाड पुठ्ठ्याच्या सहा वह्या. मैदानवाल्याआधी हे काम त्याचा मामा करायचा. वह्या त्याच्या हातच्या. त्याने एक उघडून पोत्यावर ठेवली, आधी पोतं झटकलं, मग तिच्यासाठी दुसरं पोतं झटकलं. चुन्याचा ढग उठला आणि दोघंही बराच वेळ शिंकत राहिले.

तिने वाचलं. "गुरुवार. गवताची चाचणी. चाचणीदार बावीस. वेळ नव्वद मिनिटं, मध्ये पंधरा मिनिटं विश्रांती. निकाल तीन-एक." तिने मान वर केली. "तीन-एक म्हणजे?"

"तीन भाग हिरवे, एक पिवळा."

"आणि हे शून्य-शून्य?"

"तेव्हा मैदान खणलेलं असणार."

"सात-शून्य?"

तो विचारात पडला. "खत चांगलं मिळालं असेल."

"विश्रांतीत बावीस संत्री?"

"सालींचं पण खत होतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो चेष्टा करत नव्हता. गोरं नाही, काळं नाही, चुन्याने पांढरं झालेलं तोंड, आणि त्यात दोन अतिशय प्रामाणिक डोळे. नंबर नसलेले. तिला ते लगेच कळायचं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "या मॅचेस आहेत."

बाहेर एक कावळा ओरडला.

"चार वर्षं," तो म्हणाला, "दर गुरुवारी मी..."

"हो."

"नव्वद नव्वद मिनिटं..."

"चेंडूशिवाय."

"वहीत चेंडूचा उल्लेखच नाहीये हो!"

नसणारच. चाचणीदारांच्या रकान्यात मामाने नावंही लिहिली नव्हती. नर्स दोन, शिक्षिका चार, शिंपीण एक, पोस्टातल्या तीन, टायपिस्ट एक... चष्मेवालीचं बोट तिथे थांबलं. तिची आत्या टायपिस्ट होती. आत्या आयुष्यभर सांगायची, "मी खेळलेय त्या मैदानावर," आणि घरातले सगळे म्हणायचे, हो हो, आणि चंद्रावरही गेली होतीस. कारण क्लबमध्ये एकतीस वर्षं लेखी नियम होता: महिलांना मैदानावर फुटबॉल खेळण्यास सक्त मनाई. ऑफिस गुरुवारी बंद असायचं. आणि मामाकडे फाटकाची किल्ली होती.

"मामा कधी बोलला नाही," मैदानवाला पुटपुटला.

"बोलला असता तर नोकरी गेली असती. म्हणून त्याने बायकांना गवताच्या खात्यात टाकलं."

तिने पानं उलटली. दोन, पाच, दहा वर्षं. राग वाढत होता, पण मघासारखा गरम नाही, गार. मग एका पानावर ती थबकली.

*चाचणीत टायपिस्ट जखमी, डावा गुडघा. निकाल दोन-दोन. गवत ठीक.*

आत्या गेली तीस वर्षं लंगडत होती. घरात सांगितलं गेलं होतं की ती न्हाणीघरात घसरली. त्या न्हाणीघराची फरशीसुद्धा बदलली होती वडिलांनी.

"गवत ठीक," चष्मेवाली म्हणाली. "बाईचा गुडघा मोडला आणि गवत ठीक!"

तिच्या काचा धुरकट झाल्या. मैदानवाल्याने घाईघाईने खिशातलं फडकं पुढे केलं. तिने काचा पुसल्या, चष्मा लावला, आणि सगळं जग पांढरं झालं. फडक्याला चुना होता.

"आता काहीच दिसत नाहीये मला!"

"इथे बघण्यासारखं काही नाही तसं. मीच आहे फक्त."

"ते मघाशीच दिसलं," ती म्हणाली, आणि मग आपण हे का म्हणालो याचा तिला पुन्हा राग आला.

त्या संध्याकाळी आणि शुक्रवारी दिवसभर दोघांनी दुकानाच्या काउंटरवर वह्या मोजल्या. दोनशे चौदा चाचण्या. तो एकीकडे आकडे लिहायचा, दुसरीकडे उगाचच फ्रेमा लावून बघायचा. "ही कशी दिसते?" "घुबडासारखी." "आणि ही?" "घुबडाच्या साहेबासारखी." तिसरी लावल्यावर ती काहीच बोलली नाही, आणि त्याने ती बराच वेळ काढलीच नाही. शुक्रवारी संध्याकाळी जाताना त्याने विचारलं, "उद्या सभेत मी येऊ का? तू... म्हणजे तुम्ही म्हणत असाल तर."

"तूच म्हण," ती म्हणाली. "आपण दोघं एकाच पोत्यावर शिंकलोय."

शनिवारी सभेला तिच्या संघाच्या सगळ्या मुली आल्या. आत्याही आली, काठी टेकत, पहिल्या रांगेत. समोर टेबलावर चिटणीस, आणि अध्यक्ष, जे दर सभेत पहिल्या ठरावाला डोळे मिटायचे आणि शेवटच्याला उघडायचे.

चष्मेवालीने वही टेबलावर ठेवली. "आमची नोंद. तुमच्या दुसऱ्या संघापेक्षा एकोणीस वर्षं जुनी. वाचा."

चिटणीसांनी वही लांब धरली, जवळ धरली. "अक्षर बारीक आहे. दिसत नाही."

"दोन महिन्यांपूर्वी तुमचा नंबर मीच काढलाय. याहून दोन ओळी बारीक वाचलं होतंत. दिसतंय तुम्हाला."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. चिटणीसांनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, पण इथे तर गवताची चाचणी लिहिलंय! म्हणजे या खेळाडू नाहीत, मैदान विभागाच्या चाचणीदार आहेत. आणि नियम एक: मैदान विभागाला कामासाठी मैदान सगळ्यांच्या आधी. मग भांडण कसलं? रविवारी चार वाजता या, हवं तेवढं गवत तपासा. कागदावर फक्त चाचणी लिहू. झालं?"

मुली आनंदाने कुजबुजल्या. "घे! घेऊन टाक! मैदान मिळतंय ना!"

चष्मेवालीने आत्याकडे पाहिलं. आत्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती.

"नको," चष्मेवाली म्हणाली.

"काय नको?"

"गवत नको! एकतीस वर्षं गवत म्हणून खेळल्या या. पडल्या तरी गवत. जिंकल्या तरी गवत. आम्हाला खत घालता का पाणी? वहीत सामना लिहा, मग मैदान द्या. नाहीतर ती व्हॉल्व्हची पेटी आहेच, तिच्याशी माझी ओळख झालीय आता."

"जुनी नोंद बदलता येत नाही!" चिटणीस टेबलावर हात आपटून म्हणाले.

मागच्या रांगेतून मैदानवाला उठला. घुबडाच्या साहेबासारखा नाही, त्यानंतरचा चष्मा लावून, बिननंबरी काचांचा. त्याने कानामागून पेन्सिल काढली, विचार केला, ती परत ठेवून खिशातून पेन काढलं.

"नोंद बदलत नाही," तो म्हणाला. "शेरा लिहितो. शेऱ्याचा रकाना रिकामा आहे, आणि तो मैदानवाल्यानेच भरायचा. नियम चौदा."

"तुझी नोकरी जाईल!"

"जाऊ दे. रेघा तुम्ही मारा. गाडी डावीकडे ओढते, सांगून ठेवतो." आणि त्याने पहिल्या नोंदीसमोर लिहिलं, मोठ्याने बोलत: "हा... सामना... होता."

मग दुसरी. मग तिसरी. चष्मेवाली निकाल वाचायची, तो शेरा लिहायचा. चिटणीस घड्याळ बघायचे. "दोनशे चौदा लिहिणार आहेस का तू?" "वेळ नव्वद मिनिटं आहे," मैदानवाला म्हणाला. "लागला तर जादा वेळ."

"तीन-एक," चष्मेवालीने वाचलं.

"चार-एक!" आत्या पहिल्या रांगेतून कडाडली. "चौथा गोल पंचाने खाल्ला. मेला तुझा मामा, शिट्टी तोंडात घालून डुलक्या काढायचा!"

मैदानवाल्याने मान झुकवली. "हा सामना होता," त्याने लिहिलं. "पंच झोपला होता."

त्रेचाळिसावी नोंद टायपिस्टच्या गुडघ्याची होती. चष्मेवालीने नुसतं त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने वही स्वतःकडे ओढली, आणि नेहमीपेक्षा हळू लिहिलं: "हा सामना होता. ही लेफ्ट बॅक होती."

अध्यक्षांनी डोळे उघडले. ठराव नसताना.

"लेफ्ट बॅक..." ते म्हणाले. "उंच, दोन वेण्या वर बांधलेल्या? मी बघायचो तुम्हाला. गुरुवारी. कुंपणाबाहेरून."

आत्या वळली.

"बघायचास? आणि काय करायचास?"

"टाळ्या वाजवायचो..." अध्यक्षांचा आवाज बारीक झाला. "मनातल्या मनात."

"मनातल्या टाळ्या!" आत्या काठीवर भार देऊन उभी राहिली. "त्या दिवशी मला चौघींनी उचलून नेलं. डॉक्टरला काय सांगितलं माहितीये? न्हाणीघर. तू कुंपणाशी होतास. तुला ठाऊक होतं. एक जण, एकच जण बाहेरचा म्हणाला असता की मी पाहिलंय, तर मी तीस वर्षं खोटारडी ठरले नसते रे!"

अध्यक्षांनी पेन मागितलं आणि त्रेचाळिसाव्या शेऱ्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: *मी पाहिला आहे.* खाली सही. चिटणीस काही म्हणायला गेले, पण सही झाली की त्यांचं डोकं आपोआप शिक्का शोधायचं. सवयच होती. शिक्का बसला.

महिला संघाला रविवारी चार वाजता मुख्य मैदान मिळालं. आत्या मात्र खुश नव्हती. "मिळालं काय, होतंच," ती रिक्षात बसताना म्हणाली.

पुढच्या गुरुवारी सव्वादोन वाजता मैदानवाला एकटाच पळत होता. नोकरी शाबूत होती, कारण चिटणीसांनी गाडी ओढून पाहिली होती. खरंच डावीकडे जात होती.

कुंपणाशी कोणीतरी शिट्टी वाजवली. चष्मेवाली. चष्म्याला इलॅस्टिक, हातात ग्लोव्ह्ज, काखेत चेंडू.

"अजून चाचणीच करतोयस?"

"सवय गं... आणि तू येशील असं..." तो थांबला. "असं वहीत नव्हतं."

"मार," ती गोलमध्ये उभी राहत म्हणाली. "पण सांगून ठेवते, फुकट सोडणार नाही एकही."

त्याने मारला. तिने अडवला. त्याने पुन्हा मारला. तिने पुन्हा अडवला. "जरासा तरी!" तो धापा टाकत म्हणाला. "अजिबात नाही," ती म्हणाली, "आमच्या घरात आधीच एक गोल खाल्ला गेलाय." नव्वद मिनिटं संपली तेव्हा तो गवतावर आडवा पडला होता आणि ती त्याच्या शेजारी बसून संत्रं सोलत होती. अर्धं तिने त्याला दिलं. बोटं लागली. दोघांनी गवताकडे पाहिलं.

सामानाच्या खोलीत त्याने वही उघडली. *गुरुवार. सामना. खेळाडू दोन. चेंडू एक. निकाल शून्य-शून्य.* मग पेन शेऱ्याच्या रकान्यावर धरून तो थांबला. कान लाल झाले.

"काय लिहू... मला लिहायचंय ते लिहू?"

तिने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

"शेरा मैदानवाल्यानेच लिहायचा," तो कसाबसा म्हणाला. "नियम चौदा."

"माहितीये," ती म्हणाली, आणि ठसठशीत अक्षरात, कोणालाही चष्म्याशिवाय वाचता येईल असं, लिहिलं:

*गवत ठीक. मैदानवाला त्याहून ठीक. परतीचा सामना दर गुरुवारी.*