गोधडीचा मोकळा कोपरा

रविवारी सकाळी मी गच्चीत केस वाळवत उभी होते, आणि खाली निळ्या चौकटीच्या शर्टातला एक माणूस आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरची माझी गोधडी उचलून टेम्पोत टाकत होता. शिवाय जाता जाता घराला नमस्कारही केला त्यानं. मी खाली धावेपर्यंत टेम्पो बेंगळुरूच्या चामराजपेटमधल्या गर्दीत दिसेनासा झाला.

मार्केटपाशी उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी आमचं मराठी मंडळ त्या डिसेंबरात पांघरुणं गोळा करत होतं. द्यायचं ते भिंतीवर ठेवा, असं घरोघरी सांगितलं होतं. आणि आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गोधडीला ऊन द्यायची हुक्की नेमकी त्याच दिवशी आली.

दुपारी मंडळात गेले तर तीच स्वारी स्वेटरच्या घड्या घालत बसलेली. नाव अवधूत. नागपूरचा, सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, बेंगळुरूत नवीनच.

"ती तर वाटून झाली हो," तो म्हणाला. "एक कोपरा उसवलेला होता नं... मला वाटलं, जुनी आहे."

"उसवलेला नव्हता. ठेवलेला होता. आमच्या घरी आई मुलीसाठी गोधडी शिवते आणि एक कोपरा मोकळा सोडते. लग्नानंतर तो सासूनं शिवायचा. माझी आई आता नाहीये. तिच्या पातळांची होती ती."

त्याचा चेहरा असा उतरला की माझा अर्धा राग तिथंच गेला. त्या मेल्यावर धड रागावताही येईना.

"चला," तो उठला. "शोधून देतो. नाही मिळाली तर—"

"तर काय?"

"तर तुम्ही म्हणाल ते, वसुमती." मी नाव सांगितलं नव्हतं; त्याला आधीच ठाऊक होतं म्हणायचं.

मार्केटपाशी बोचरं वारं सुटलं होतं. संध्याकाळ होत आलेली. फूटपाथवर एकेका पांघरुणाकडे बघत आम्ही निघालो. मी कुडकुडतेय हे बघून त्यानं स्वेटर काढून पुढे केला.

"नको. तुम्हाला लागेल."

"नागपूरच्या माणसाला ही थंडी? पंखा लावून झोपतो मी." दात मात्र वाजत होते त्याचे.

आणि गोधडी दिसली. फुलबाजाराच्या भिंतीला टेकून एक पोरसवदा बाई बसली होती. मांडीवर चार-पाच दिवसांचं बाळ, आणि माझ्या आईच्या जांभळ्या पातळाची किनार त्याच्या हनुवटीपर्यंत ओढलेली.

अवधूत पुढे झाला, मी त्याची बाही धरली. बाईनं वर पाहिलं आणि कन्नडमध्ये हळूच म्हणाली, "अक्का, आत्ताच स्वल्प झोपलीय."

मुलगी होती.

मी वाकून पातळाची किनार एकदा बोटांनी चाचपली, बाळाच्या पायाखाली नीट खोचली आणि वळले. मग बसस्टॉपवर पोटभर रडले. तो काही समजुतीचं बोलला नाही, शेजारी उभा राहिला. त्याबद्दल मला तो फार आवडला.

पुढच्या रविवारी दारात हजर. हातात जुने शर्ट.

"म्हणाल ते, असं कबूल केलं होतं नं?"

"सरी, ठीक आहे. मग बसा शिवायला."

आईचं एक पातळ अण्णांनी जपून ठेवलं होतं, ते मध्ये आलं, कडेनं त्याचे शर्ट. तो बोटं टोचून घ्यायचा, मी हसायचे. त्याचे टाके वेडेवाकडे... मी ते उसवले नाहीत. रविवारची वाट बघायची सवयच लागली. गोधडी संपत आली तसा माझा हात मुद्दाम सावकाश चालू लागला.

शेवटचा कोपरा राहिला. मी सुईत दोरा ओवला, तर त्यानं हात मध्ये घातला.

"एवढा नका शिवू."

"का? पुन्हा कोणी जुनी समजून उचलून नेईल."

"नेऊ दे नं. उचलणारा मीच असेन." मान खाली, कान लालबुंद. "संक्रांतीला माझी आई येतेय... तिला सांगितलंय, सुईदोरा घेऊन ये म्हणून. चालेल?"

मी सुईतला दोरा काढून घेतला आणि सुई डब्यात ठेवून दिली.