तळ्याकाठचे सात किलोमीटर

ताई फिजिओथेरपिस्ट होती. त्यामुळे धाकट्या भावाच्या सायकलफेरीचा बेत आखायचा हक्क आपलाच, असं ती धरूनच चालली होती. भावाला घरात सगळे चक्री म्हणत. गुडघ्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले होते आणि त्यानं एकच खूळ घेतलं होतं: तळ्याला पूर्ण फेरी मारायची. एकसष्ट किलोमीटर, एका दिवसात.

गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून दोघं बसले.

"पहाटे साडेपाचला निघायचं. धरणाच्या भिंतीवरून खडीचा रस्ता. साडेदहाला वनचौकी, तिथं खायचं." ताई कागदावर वेळा लिहीत होती. "मी गाडी घेऊन पुढंपुढं थांबत जाईन."

"वरात काढतेस की काय माझी?"

"गुडघा माझ्या हातानं बरा झालाय. गप बस."

अडचण एकच होती. चौकीपुढे सात किलोमीटर नुसती पायवाट होती. एका हाताला तळं, दुसऱ्या हाताला गच्च झाडी. गाडीला डोंगरामागून वळसा घालून पलीकडच्या तोंडाशी यावं लागणार होतं. ताईनं त्या पट्ट्याला एक तास दिला आणि कागदाची घडी घातली.

रविवारी सगळं कागदाबरहुकूम झालं. पावणेअकराला चक्री झाडीत शिरला. ताई वळसा घालून अर्ध्या तासात पलीकडे पोचली, तर हा आधीच तिथं उभा! सायकल झाडाला टेकवलेली, अंगावर घामाचा टिपूस नाही. जवळ गेल्यावर ओल्या गाळाचा वास आला.

"एवढ्या लवकर?"

"बस झालं. घरी जाऊ."

गुडघा दुखत असेल, सांगायला लाजत असेल, असं समजून तिनं सायकल गाडीवर चढवली. दहा मिनिटं गेली असतील नसतील, तिचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, चक्री.

"ताई... गुडघा गेला गं. वाटेतच पडलोय. तू ये ना..."

तिनं शेजारी पाहिलं. तो खिडकीतून पाण्याकडे बघत होता. त्याचा फोन मांडीवर बंद पडलेला.

"कुणाचा फोन?" त्यानं विचारलं.

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "ताई... तुझ्याबरोबर कोण आहे?"

गाडी कशी वळवली, चौकीपर्यंत कशी आणली, तिचं तिलाच कळलं नाही. वनरक्षक बाहेर खुर्ची टाकून बसला होता.

"माझा भाऊ आत अडकलाय. माणसं बोलवा!"

वनरक्षकानं तिच्या मागे पाहिलं. "बाई, हे तुमचे भाऊच ना? सकाळी माझ्याच हातचा चहा घेतला यांनी. मग शोधायचं कुणाला?"

पोलिसांना तरी काय सांगणार? ती पायवाटेकडे धावली, पण मनगटावर थंडगार हात पडला. पकड घट्ट नव्हती, तरी सुटत नव्हती.

"ताई, मी इथंच आहे ना."

हातातला फोन वाजत राहिला. पाचदा, सहादा. तिची बोटं तो उचलेनात. मग तो थांबला.

"तुझं समाधान होत नसेल तर बघ," असं म्हणून त्यानं दुसरा हात तोंडाशी धरला आणि झाडीकडे हाक मारली, "चक्रीऽऽ!"

मग आतून, बऱ्याच लांबून, बाईचा आवाज आला.

"आले रे, आले! तिथंच थांब."

आवाज ताईचा होता. वनरक्षकानं चमकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

आणि त्याहूनही आतून, रडू फुटावं इतक्या आनंदानं कुणीतरी म्हणालं, "आलीस का गं?... इकडे, ताई. पाण्याच्या बाजूला..."